हुकमाचा गुलाम

दिवाळीत मराठी घरात फराळाचे डबे उघडले की त्यांच्यामागोमाग कपाटातला पत्त्यांचा कॅटही बाहेर निघतो. दुपारची जेवणे आटोपलेली असतात, वडील मंडळी सतरंजीवर लवंडलेली असतात, आणि एखादा आतेभाऊ 'चला, मेंढीकोट होऊन जाऊ द्या' म्हणत पाने पिसू लागतो. पुढचे दोन तास मग भांडण आणि चहा यांचे. एरवी या सदरात आपण शब्दांच्या खोड्या काढीत बसतो. आज सणाच्या निमित्ताने पत्त्यांविषयी बोलू, आणि तेही आपल्या नव्हे, स्वित्झर्लंडमधल्या एका खेळाविषयी. त्याचे नाव 'यास'. आपल्याकडे जे स्थान मेंढीकोटाचे, त्याहून काकणभर मोठे स्थान त्या देशात यासचे आहे.

माझा एक जुना विद्यार्थी नोकरीनिमित्त झुरिकला असतो. मागल्या वर्षी त्याने चॉकलेटांबरोबर त्या पत्त्यांचा एक कॅटही पाठवला. चॉकलेटे दोन दिवसांत संपली. पत्ते मात्र वर्षभर पुरले. कॅट उघडला तेव्हा घरातली सगळी माणसे चक्रावली. पाने अवघी ३६. इस्पिक, बदाम, चौकट, किलवर यांचा पत्ता नाही. त्यांच्या जागी घुंगरू, ढाल, गुलाब आणि ओक वृक्षाचे फळ. एक्क्याखाली राजा, राजाखाली 'ओबर' म्हणजे वरचा अंमलदार, त्याखाली 'उंडर' म्हणजे खालचा अंमलदार. वरच्याच्या पानावर रंगाचे चिन्ह वरच्या बाजूला काढलेले, खालच्याच्या पानावर खाली. ओळख पटायला तेवढे पुरते. दश्शीवर निशाण फडकते, म्हणून तिचे नाव 'बॅनर'. त्यानंतर नव्वी, अठ्ठी, सत्ती, छक्की, आणि संपले. आमच्या सौभाग्यवतींनी छत्तीसही पाने दोनदा चाळली आणि विचारले, "यात राणी कुठाय?" राणी नाहीच. "मग घर कोण चालवतं यांचं?" या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते.

पण राणीवाले पत्तेही त्या देशात चालतात. पश्चिमेकडे, म्हणजे बर्न, बाझल आणि सगळा फ्रेंच बोलणारा मुलूख, आणि तिकडे पूर्वेच्या टोकाला ग्राउब्युंडेन, येथे आपल्या ओळखीचे फ्रेंच वळणाचे पत्ते वापरतात. झुरिक, लुत्सर्न, उरी, श्वित्स या भागांत घुंगरू-ढालींचे. मधून जी सीमा जाते ती भाषेची नव्हे, दोन्हीकडे जर्मनच बोलतात. ब्र्युनिग घाट, नाप्फ डोंगर आणि रॉइस नदी यांना जोडणारी ती रेघ आहे. रिखार्ड वाइस नावाच्या लोकसंस्कृतीच्या अभ्यासकाने १९४७ साली दाखवून दिले की केवळ पत्तेच नव्हेत, तर चालीरीतींच्या कितीतरी गोष्टी या रेघेपाशी बदलतात. आपल्याकडे आमटीत गूळ कुठवर पडतो याचा नकाशा कुणी काढला तर अशीच एखादी रेघ हाती लागेल.

आता खेळाकडे वळू. घुंगरू-ढाली नसल्या तरी अडत नाही. आपल्या नेहमीच्या कॅटातून दुर्रीपासून पंजीपर्यंतची सोळा पाने बाजूला काढा. उरली ती छत्तीस. खेळणारे चार, समोरासमोरचे दोघे भिडू. तीन-तीन करून प्रत्येकाला नऊ पाने वाटायची आणि खेळ उजव्या हाताने पुढे सरकवायचा. जे नऊ हात होतील त्यांतल्या पानांची किंमत मोजायची, हातांची संख्या नव्हे.

किंमत अशी. साध्या रंगात एक्का सर्वांत मोठा, त्याचे ११. राजाचे ४, राणीचे ३, गुलामाचे २. दश्शी गुलामाखालीच लागते, पण तिची किंमत मात्र १०. म्हणजे अंगी बळ नाही, पण गाठीला पैका आहे. मेंढीकोट खेळणाऱ्याला हे समजावून सांगायला नको, कारण आपणही दश्शीच घरी हाकून आणत असतो. नव्वीपासून खालच्या पानांना किंमत नाही.

पण हुकमाच्या रंगात उलथापालथ होते. तिथे गुलाम उठून थेट सगळ्यांच्या वर जाऊन बसतो आणि त्याची किंमत होते २०. त्याच्या पाठोपाठ, इतका वेळ कुणी विचारीत नव्हते ती नव्वी येते, किंमत १४. मग एक्का ११, राजा ४, राणी ३, दश्शी १०, आणि खाली अठ्ठी, सत्ती, छक्की. हुकमाच्या या गुलामाला स्विस माणूस 'बूर' म्हणतो. बूर म्हणजे शेतकरी. एकट्या शेतकऱ्याची किंमत पाच राजांइतकी! राजा नसलेल्या देशाला हा खेळ इतका मानवला यात नवल नाही, असे लिहिण्याचा मोह मला होतो. पण खरी गोष्ट निराळी आहे, आणि माझ्या मते अधिक मजेची.

हा खेळ मुळात स्विस नाहीच. तो डच लोकांचा. हॉलंडच्या फौजेत भाडोत्री स्विस पलटणी असत. त्या शिपायांनी सुटीवर येताना तो गावी आणला असे अभ्यासक मानतात. पुरावा शब्दांत आहे. डच खेळात हुकमाच्या गुलामाला 'यास' म्हणतात आणि हुकमाच्या नव्वीला 'नेल'. स्विस लोकांनी नव्वीला 'नेल' हेच नाव ठेवले, गुलामाचे नाव सगळ्या खेळाला देऊन टाकले, आणि त्या बिचाऱ्याला शेतकरी करून टाकले. यासचा स्वित्झर्लंडमधला पहिला लेखी उल्लेख १७९६ सालचा, शाफहाउझेन प्रांतातला. दोन शेतकरी पेलाभर वाइनसाठी यास खेळले, अशी पाद्रीबुवांनी तक्रार गुदरली होती. तक्रार झाली नसती तर खेळाची जन्मतारीखही आपल्याला कळली नसती. इतिहासात चहाडखोरांचे असे उपकार बरेच असतात.

याच डच धाग्याचे दुसरे टोक आपल्याकडे आहे. केरळात 'अठ्ठावीस' नावाचा खेळ घरोघर खेळतात. तिथे गुलामाचे ३, नव्वीचे २, एक्का आणि दश्शी यांचा प्रत्येकी १; एका रंगाचे सात, चार रंगांचे अठ्ठावीस. श्रीलंका आणि तामिळनाडूकडे 'तीनशे चार' चालतो; कोकणातल्या काही वाचकांनाही तो ठाऊक असेल. त्यात गुलाम ३०, नव्वी २०, एक्का ११, दश्शी १०, राजा ३, राणी २. बेरीज करून पाहा, एका रंगाचे ७६ आणि चार रंगांचे बरोबर ३०४. राजाच्या डोक्यावर गुलाम आणि गुलामाच्या खांद्याला खांदा लावून नव्वी, ही बैठक दुसऱ्या कुठल्या घराण्याची असणार? सिलोन आणि कोचीन ही दोन्ही ठाणी शे-सव्वाशे वर्षांहून अधिक काळ डच कंपनीच्या हाती होती. एवढेच नव्हे, तर द म्युरों नावाच्या सरदाराने १७८१ साली उभारलेली एक आख्खी स्विस पलटण त्या कंपनीच्या चाकरीत सिलोनला होती. १७९५ मध्ये ती इंग्रजांकडे गेली आणि १७९९ मध्ये टिपूविरुद्ध श्रीरंगपट्टणला लढली. पत्ते त्यांनीच आणले असे मी म्हणत नाही. पण सिलोनच्या छावणीत संध्याकाळी ती माणसे काय करीत असतील, याची कल्पना करायला कुणाची हरकत नसावी. फरक एवढाच की आपल्याकडच्या खेळांत गुलाम-नव्वीला हा मान चारही रंगांत मिळतो. यासमध्ये तो हुकूम ठरेपर्यंत कुणालाच नाही. हुकूम ठरला की त्या एका रंगापुरता.

म्हणून यासमध्ये सगळे महत्त्व हुकूम ठरवण्याला. त्याआधी खेळायचे दोन नियम सांगून टाकतो. मेंढीकोटात रंग हाती असताना हुकूम मारता येत नाही. यासमध्ये येतो! रंग असला तरी रंग टाका नाहीतर हुकमाने मारा, तुमची मर्जी. मात्र कुणी आधी हुकमाने मारले असेल, तर त्याहून लहान हुकूम टाकता येत नाही. हाती हुकमाखेरीज काहीच नसेल तेव्हाच ती सवलत. दुसरा नियम शेतकऱ्याच्या मानाचा. हुकमाची उतारी झाली आणि तुमच्यापाशी हुकमाचा एकटा गुलामच असेल, तर तो टाकण्याची सक्ती नाही. बाकी कुठल्याही पानाला हा अधिकार नाही. एक्क्याला नाही, राजाला तर नाहीच.

आता तो हुकूम. यासचे प्रकार अनेक आहेत. एकाचे नाव तर 'क्वाफ्योर', म्हणजे न्हावी! मूळ फ्रेंच शब्द 'क्वा फेर', म्हणजे 'काय करावे?', त्याचा अपभ्रंश होऊन न्हावी झाला असे सांगतात. पण घरोघरचा प्रकार म्हणजे 'शीबर', आणि शीबर म्हणजे ढकलणारा. पाने वाटणाऱ्याच्या उजव्या हाताचा गडी आपली नऊ पाने पाहतो. त्याच्यापुढे दोनच वाटा. एक तर हुकूम बोलायचा, नाहीतर 'ढकलतो' म्हणून निर्णय समोरच्या भिडूवर सोपवायचा. भिडूला परत ढकलता येत नाही. त्याला हुकूम बोलावाच लागतो. आणि त्याने काहीही बोलले तरी पहिली उतारी ढकलणाऱ्यानेच करायची.

ब्रिजमध्ये बोलीची एक सबंध भाषा आहे, तिची व्याकरणे आहेत, व्याकरणांवर भाष्ये आहेत. इथे भाषा एका शब्दाची. पण त्या शब्दात किती अर्थ भरला आहे पाहा. 'माझ्या हाती असे काही नाही की ज्याच्या बळावर मी घर चालवीन. तू पाहा. तू जे ठरवशील त्यात मी पहिले पाऊल टाकीन.' आपल्याकडच्या कर्त्या पुरुषाला हे वाक्य उच्चारणे किती जड जाते, ते प्रत्येक गृहिणीला माहीत आहे. आमच्या घरी मी अण्णांची जोडी नातीशी लावून दिली. अण्णा ऐंशीच्या पुढचे. उभ्या आयुष्यात त्यांनी घरातला एकही निर्णय दुसऱ्यावर सोडलेला नाही. पंख्याचा रंगसुद्धा. पहिले तीन दिवस ते हाती काहीही असो, हुकूम बोलतच राहिले. इस्पिकची राणी आणि सत्ती एवढ्या भांडवलावर इस्पिक बोलले आणि सडकून हरले. नात काही बोलली नाही; भिडूशी बोलायचे नाही असा नियमच आहे. चौथ्या दिवशी अण्णांनी पाने पाहिली, चष्मा वर केला, पुन्हा पाने पाहिली आणि हळूच म्हणाले, "ढकललं." तिने बदाम बोलले. तिच्यापाशी बदामचा गुलाम, नव्वी आणि वर आणखी दोन पाने होती. तो डाव त्यांनी जिंकला. तेव्हापासून अण्णा जरा जास्तच ढकलू लागले आहेत, आणि आता तक्रार नातीची आहे.

कारण 'ढकललं' हा शब्द प्रतिपक्षही ऐकत असतो. हात दुबळा आहे हे त्यालाही कळते. तेव्हा गुलाम आणि नव्वी दोन्ही हाती असून जोडीला आणखी एखाददुसरे हुकमाचे पान असेल तर ढकलू नये, आणि नुसत्या एक्क्यावर भाळून बोलू नये, एवढे पथ्य नवख्याने पाळले तर पुरे. शिवाय हुकूम बोलणाऱ्याला आणखी दोन पर्याय असतात. 'वरून खाली' म्हटले तर हुकूमच नाही, एक्का मोठा आणि उतरत्या भाजणीने छक्की लहान. 'खालून वर' म्हटले तर सगळे उलटे. छक्की सर्वांत मोठी, तिचे ११, आणि एक्का सर्वांत लहान, त्याला शून्य! या दोन्ही प्रकारांत अठ्ठीचे ८ धरतात. का, ते बेरजेत कळते. हुकमाच्या डावात हुकमाचा रंग ६२ आणि बाकीचे तीन प्रत्येकी ३०, मिळून १५२. हुकूम नसला तर चार रंगांचे १२० होतात. त्यात चार अठ्ठ्यांचे ३२ मिळवले की पुन्हा १५२. शेवटचा हात घेणाऱ्याला वर ५. म्हणजे कुठलाही डाव घ्या, बेरीज १५७. एका बाजूने मोजले की दुसरीचे आपोआप कळतात, आणि बेरीज जमली नाही तर कुणाची तरी नजर चुकली आहे हेही कळते. नऊच्या नऊ हात एकाच पक्षाने घेतले तर आणखी १००. आपण ज्याला कोट चढवणे म्हणतो, तेच.

याखेरीज हाती आलेल्या पानांचेच काही गुण असतात. एका रंगाची ओळीने तीन पाने आली तर २०, चार आली तर ५०, पाच आली तर १००. चार राजे किंवा चार एक्के एका हाती आले तर १००, चार नव्व्या १५०, चार गुलाम २००. पहिल्या हाताला आपले पान टाकताना हे जाहीर करायचे; ज्या पक्षाची जाहिरात मोठी त्यालाच गुण, दुसऱ्याला काही नाही. या प्रकाराला स्विस जर्मनमध्ये म्हणतात 'वीस'. तीन पानांच्या ओळीला वीस गुण आणि नावही वीस! भाषाशास्त्राचा यात काही संबंध नाही, मूळ शब्दाचा अर्थ 'दाखवणे'. पण आमच्या घरी मुले 'माझे वीसचे वीस' असे ओरडतात आणि मी त्यांना अडवत नाही. हुकमाचे राजा-राणी एकाच हाती असले तर त्या जोडप्याचेही २०. त्याला म्हणतात 'श्ट्योक'.

आणि आता या खेळातले मला सर्वांत आवडलेले कलम. डाव १००० गुणांचा, काही ठिकाणी २५०० चा. समजा, शेवटच्या वाटणीआधी आपण ९८५ वर आहोत आणि समोरचे ९७० वर. आपल्यापाशी राजा-राणी आहेत, २० गुणांचे. त्यांच्यापाशी चार पानांची ओळ आहे, ५० गुणांची. आपण होणार १००५, ते होणार १०२०. जिंकले कोण? त्यासाठी तीन शब्दांचा कायदा आहे, 'श्ट्योक, वीस, श्टिख'. आधी जोडप्याचे गुण धरायचे, मग ओळीचे, सर्वांत शेवटी हातांचे. तेव्हा आपण आधी हजार ओलांडले आणि आपण जिंकलो. त्यांचे १०२० मोजायची वेळच येत नाही. हा क्रम तिकडच्या लहान मुलालाही पाठ असतो. आणि हजार झाल्याचे ज्याचे त्याने खेळता खेळता सांगायचे असते. म्हणून हात पडत असताना मनातल्या मनात बेरीज चालू ठेवावी लागते. शाळेतल्या पाढ्यांचा इतका सुखाचा उपयोग मी दुसरीकडे पाहिला नाही.

हिशेब लिहायला कागद नाही. पाटी आणि खडू. पाटीवर प्रत्येक पक्षाचा एक मोठा, इंग्रजी 'झेड' अक्षरासारखा आकार. वरच्या आडव्या रेघेवर शंभराच्या उभ्या खुणा, तिरप्या रेघेवर पन्नासाच्या, खालच्या रेघेवर विसाच्या; सुटे उरतील ते आकड्यात. ९७ झाले तर तिरपीवर एक खूण, खाली दोन, आणि बाजूला ७. दुरूनही कोण पुढे आहे ते दिसते.

स्विस दूरदर्शनवर यासचे कार्यक्रम वर्षानुवर्षे होत आले. उन्हाळ्यात दोन गावे एकमेकांशी यास खेळत आणि जे गाव जिंके तिथे पुढच्या आठवड्याचा कार्यक्रम होई, असाही त्यांचा एक रिवाज. दूरदर्शनच्या पडद्यावर गाजला तो प्रकार मात्र शीबर नव्हे, 'डिफरेन्त्सलर'. यात भिडू नाही. पाने पाहून प्रत्येकाने आपण १५७ पैकी किती मिळवू तो आकडा आधीच गुपचूप लिहून ठेवायचा. शेवटी लिहिलेले आणि मिळालेले यांतले अंतर तेवढा दंड. ६० लिहून ४५ मिळाले तर दंड १५, आणि ६० लिहून ७५ मिळाले तरीही दंड १५! जास्त मिळवल्याबद्दल शिक्षा करणारा हा खेळ आमच्या महाविद्यालयातल्या गणिताच्या प्राध्यापकांना विलक्षण आवडला, वाणिज्यवाल्यांना अजिबात नाही. दुबळा हात आला तर ५ लिहावेत आणि इमानाने पाचच मिळवावेत. तोही जिंकू शकतो.

यंदा कुणाला हात करून पाहायचा असेल तर पहिल्या दिवशी नुसता हुकूम, हात आणि एकशे सत्तावन एवढ्यावर भागवा. वीस आणि श्ट्योक दुसऱ्या दिवशी घ्या. 'खालून वर' भाऊबीजेच्या आधी काढू नका, कारण छक्कीने एक्का मारल्यावर घरात जो गोंधळ होतो तो आवरायला पाहुणे कमी असलेले बरे. मुलांची जुनी पाटी माळ्यावर सापडेल. खडू मात्र आणावा लागेल.